रक्तांतील विळा

पुण्याहून एका वाचकभगिनीचें सविस्तर पत्र आलें आहे. त्यांची कन्या नोकरीनिमित्त नागपुरास असते; तेथील एका सहकाऱ्याशीं विवाह करण्याचा तिचा विचार आहे. मुलगा भंडाऱ्याकडचा, अभियंता, निर्व्यसनी. घरचीं माणसें साधीं व सरळ. जातीचा प्रश्न घरांत निघाला आणि मिटलाही. बोलणीं ठरत आलीं असतां मुलानें आपण होऊन सांगितलें कीं, महाविद्यालयांत असतांना झालेल्या रक्ततपासणींत आपण 'सिकलसेलचे वाहक' असल्याचें निघालें आहे. तेव्हांपासून घरांत दोन तट पडले आहेत. थोरले दीर म्हणतात, "जेथें रक्तच दूषित तेथें मुलगी देणें म्हणजे जाणूनबुजून तिला विहिरींत लोटणें." मुलगी म्हणते, लग्न करीन तर ह्याच्याशींच. आई बिचारी दोहोंच्या मध्यें. "आपण शिक्षक आहांत, हें आम्हांस एकदां नीट समजावून सांगा," अशी त्यांची आज्ञा आहे. मी वैद्य नव्हे. परंतु सेवेचीं पुष्कळ वर्षें चंद्रपूर जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवीं गेल्यामुळें हा रोग मीं वर्गांतल्या बांकांवर बसलेला पाहिला आहे, आणि त्याविषयीं मिळेल तें वाचण्याची संवय मला तेव्हांपासून लागली आहे.

प्रथम रोगाचें स्वरूप पाहूं. आपल्या रक्ताला जो तांबडा रंग आहे तो तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन ह्या लोहयुक्त द्रव्यामुळें. फुप्फुसांत प्राणवायु उचलावा आणि शरीराच्या कानाकोपऱ्यांत नेऊन पोंचवावा, हें त्याचें काम. ह्या द्रव्याचा प्रत्येक रेणु चार सांखळ्यांचा असतो. दोन एका जातीच्या, दोन दुसऱ्या. ह्या दुसऱ्या जातीच्या सांखळींत १४६ कड्या असतात आणि त्यांतली सहावी कडी ग्लुटॅमिक आम्लाची असते. सिकलसेलच्या रोग्यांत त्या एका जागीं व्हॅलीन नांवाची निराळी कडी बसलेली असते. बाकीच्या १४५ जशाच्या तशा.

ज्यांनीं थोडें संस्कृत केलें आहे त्यांस 'इन्द्रशत्रु' ह्या शब्दाची गोष्ट येथें आठवेल. इन्द्राचा वध करणारा पुत्र व्हावा म्हणून त्वष्ट्यानें यज्ञ मांडला. पण त्या सामासिक शब्दाचा स्वर चुकला, तत्पुरुषाचा बहुव्रीहि झाला, आणि 'इन्द्राला मारणारा' याऐवजीं 'इन्द्र ज्याला मारील तो' असा अर्थ होऊन वृत्र जन्मास आला. अक्षरें तींच, स्वर तेवढा निराळा. व्याकरणकारांनीं ही गोष्ट शुद्ध उच्चाराचें महत्त्व सांगण्यासाठीं दिली आहे. वर्गांत ती सांगतांना मुलें हंसत, एका स्वरानें काय एवढें होतें म्हणत. रक्ताच्या पोथींत एका कडीनें काय होतें तें आतां पाहा.

निरोगी हिमोग्लोबिन प्राणवायु देऊन रिकामें झालें तरी सुटें सुटें राहतें. हें बदललेलें हिमोग्लोबिन मात्र प्राणवायु सोडतांच एकमेकांस चिकटूं लागतें. त्याचे लांब, ताठ तंतु बनतात. ते आंतून रेटतात तशी एरवीं बशीसारखी गोल व लवचिक असलेली पेशी विळ्यासारखी वांकडी आणि कडक होते. प्राणवायु पुन्हां मिळाला कीं ती पूर्ववत् होतेही; परंतु वारंवार असें घडलें म्हणजे तें वांकडेपण कायमचें होऊन बसतें. केसाहूनही बारीक अशा रक्तवाहिन्यांतून निरोगी पेशी अंग चोरून निघून जाते, विळा अडकतो. एक अडकला कीं त्याच्या मागें दुसरे अडकतात. अरुंद बोळांत बैलगाडी आडवी पडावी आणि मागच्या साऱ्या गाड्या खोळंबाव्या, तसा प्रकार. पुढच्या भागास रक्त पोंचत नाहीं, आणि तेथें असह्य वेदना सुरू होतात. कधीं पाठींत, कधीं मांडींत, कधीं छातींत. शिवाय निरोगी तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते, तर ही विळ्याची पेशी १० ते २० दिवसांतच फुटून जाते. हाडांतील मगजानें कितीही घाई केली तरी ती भरपाई पुरी होत नाहीं. म्हणून अंग पांढुरकें पडतें, लवकर धाप लागते, आणि फुटलेल्या पेशींतील रंगद्रव्यामुळें डोळे पिवळे दिसतात. तो पिवळेपणा म्हणजे साधी कावीळ असें समजून लेंकरूं माळ घालण्यासाठीं गांवोगांव फिरविलेलें मीं पाहिलें आहे.

ह्या रोगाची ओळख वैद्यकशास्त्रास कशी झाली, ती हकीकत मोठी चटका लावणारी आहे. वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा ह्या लहानशा बेटावरून वॉल्टर क्लेमेंट नोएल नांवाचा एक तरुण दंतवैद्यक शिकण्यासाठीं अमेरिकेंत शिकागोस आला. १९०४ सालीं तो आजारी पडून तेथील रुग्णालयांत दाखल झाला. अर्नेस्ट आयर्न्स ह्या शिकाऊ डॉक्टरांनीं त्याचें रक्त सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें, तों त्यांत लांबट, विळ्याच्या आकाराच्या विचित्र पेशी दिसल्या. त्यांचे वरिष्ठ जेम्स हेरिक ह्यांनीं १९१० सालीं तो वृत्तांत प्रसिद्ध केला आणि हेरिक ह्यांचें नांव वैद्यकाच्या इतिहासांत कायमचें झालें. रोग्याचें नांव त्या निबंधांत नव्हतें. तें पुढें पुष्कळ वर्षांनीं शोधकांनीं हुडकून काढलें. नोएलनें मात्र तसल्या शरीरानिशीं अभ्यास पुरा केला, तो आपल्या बेटावर परतला, तेथें त्यानें दांतांचा दवाखाना चालविला, आणि १९१६ सालीं तो वारला. शास्त्राच्या इतिहासांत रोग्यांना सहसा जागा मिळत नाहीं, म्हणून हें मुद्दाम लिहिलें.

पुढची वाटचाल थोडक्यांत सांगतों. १९४९ सालीं लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी ह्यांनीं दाखवून दिलें कीं, ह्या रोगाचें मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूंतच आहे. एखादा रोग रेणूच्या घडणींत असूं शकतो ही कल्पनाच तेव्हां नवी होती. त्याच वर्षीं जेम्स नील ह्यांनीं तो आईबापांकडून कोणत्या हिशेबानें उतरतो तें मांडलें. आणि नेमकी कोणती कडी बदलली आहे हें व्हर्नन इंग्रॅम ह्यांनीं १९५६-५७ सालीं शोधून काढलें.

नील ह्यांचा हिशेब पत्र लिहिणाऱ्या भगिनींच्या प्रश्नाशीं सरळ संबंधित आहे. तेव्हां तो नीट ध्यानांत घ्यावा. हिमोग्लोबिनच्या ह्या सांखळीचा आराखडा प्रत्येकाजवळ दोन प्रतींत असतो. एक प्रत आईकडून आलेली, एक वडिलांकडून. निरोगी प्रतीस 'ए' आणि बदललेल्या प्रतीस 'एस' म्हणतात. दोन्ही प्रती 'ए' असल्या तर प्रश्नच नाहीं. दोन्ही 'एस' असल्या तर तो मनुष्य रोगी. एक 'ए' आणि एक 'एस' असली तर तो वाहक. वाहक हा रोगी नव्हे, ही गोष्ट कितीहि वेळां सांगितली तरी थोडीच. त्याची निरोगी प्रत काम भागवून नेते. तो शिकतो, शेत नांगरतो, नोकरी करतो, म्हातारा होतो. त्यास औषध लागत नाहीं. वाहक पुढें रोगी होईल, हा समजही निखालस चुकीचा आहे. जन्मतः जें आहे तेंच आयुष्यभर राहतें.

आतां विवाहाचा विचार. वर वाहक आणि वधू दोन्ही 'ए' प्रतींची असेल, तर होणारें प्रत्येक मूल वाहक असण्याचा संभव निम्मा आणि पूर्ण निरोगी असण्याचा संभव निम्मा. रोगी मूल होण्याचा संभव नाहीं. दोघेही वाहक असले तरच प्रत्येक गर्भाच्या वेळीं चारांत एक रोगी, चारांत दोन वाहक आणि चारांत एक पूर्ण निरोगी असा संभव असतो. 'प्रत्येक गर्भाच्या वेळीं' हे शब्द मीं हेतुपूर्वक घातले आहेत. पहिलें मूल रोगी निघालें, आतां पुढचीं तीन खात्रीनें निर्दोष, असें मानून बसलेलीं कुटुंबें असतात. फांशाला मागच्या दानाची आठवण नसते.

म्हणून माझें त्या भगिनींस सांगणें असें कीं, मुलाच्या रक्ताविषयीं जितका विचार केलांत तितका आपल्या कन्येच्या रक्ताविषयीं करा, म्हणजे तिचें रक्त तपासून घ्या. त्यांतही एक बारकावा आहे. गांवोगांवच्या शिबिरांत प्रथम जी साधी, स्वस्त विद्राव्यता चांचणी करतात, तिच्यानें 'एस' आहे कीं नाहीं एवढेंच कळतें. हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या एका दोषाचा, थॅलॅसेमियाचा, पत्ता तिला लागत नाहीं. आणि एकाकडून 'एस' व दुसऱ्याकडून थॅलॅसेमिया असा योग जुळला तरीही मूल रोगी होऊं शकतें. तेव्हां नुसत्या पहिल्या चांचणीवर समाधान न मानतां 'एच. पी. एल. सी.' नांवाची चांचणी करवावी. थॅलॅसेमियाचें वाहकत्वही बहुधा तींत दिसून येतें. अहवाल हातीं आला म्हणजे रक्तरोगांच्या जाणकार डॉक्टरांपाशीं मुलीनें व मुलानें दोघांनीं मिळून बसावें. कन्या निर्दोष निघाली, तर थोरल्या दिरांच्या आक्षेपास आधार उरत नाहीं. तीही वाहक निघाली, तरी दार बंद होत नाहीं. गर्भाच्या साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यांत गर्भाची तपासणी करतां येते, आणि तिच्यानंतर काय करावयाचें तें त्या दोघांनीं ठरवावयाचें असतें. तेथें मामा, काका व शेजारी ह्यांचें काम नाहीं, आणि माझेंही नाहीं.

ह्या प्रकरणांत मला सर्वांत मोलाची वाटली ती त्या मुलाची सचोटी. तो गप्प बसला असता तर कोणास कळणार होतें? विदर्भांत अशीं कितीतरी घरें आहेत कीं, जेथें तपासणीचें कार्ड पेटीच्या तळाशीं दडविलेलें असतें, विशेषतः मुलीचें. कारण कार्ड दाखविलें कीं स्थळ परत जातें. खरें सांगणाऱ्याचें लग्न मोडावें आणि दडविणाऱ्याचें व्हावें, अशी रीत पडली तर उद्यां कोण खरें सांगेल? मग दोन वाहकांचीं लग्नें नकळत होत राहतील आणि त्यांच्या मुलांचे हाल होत राहतील.

गोत्राचा विषय निघालाच आहे तर थोडें विषयान्तर करतों. आपण सगोत्र विवाह टाळतों. पण गोत्र हें केवळ बापाच्या वंशाचें. रक्ताचा गुण बापाकडून येतो तितकाच आईकडूनही येतो. सापिंड्याच्या नियमांत आईकडच्या पांच पिढ्या मोजल्या आहेत हें खरें, परंतु आम्हां देशस्थांत मामाची मुलगी करण्याची चाल देशाचाराच्या नांवाखालीं चालत आलीच ना? जवळच्या नात्यांत विवाह झाला म्हणजे एकाच पूर्वजाची दोषयुक्त प्रत दोहों बाजूंनीं येऊन भेटण्याचा संभव वाढतो. हें सिकलसेलपुरतें नाहीं, पुष्कळ आनुवंशिक रोगांना लागू आहे. पत्रिकेचे छत्तीस गुण पाहणाऱ्या घरानें रक्ताची ही एक पत्रिका पाहिली तर ज्योतिषीबोवांचा त्यांत कांहींच तोटा नाहीं.

आतां 'दूषित रक्त' ह्या शब्दाविषयीं. हा दोष कांहीं समाजांतच विपुल कां, ह्याचें उत्तर अँथनी अ‍ॅलिसन ह्या संशोधकांनीं १९५४ सालीं पूर्व आफ्रिकेंतील अभ्यासावरून दिलें. जेथें जेथें प्राणघातक हिंवताप पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून होता, तेथें तेथें हे वाहक अधिक आढळतात. कारण वाहकाच्या रक्तांत त्या हिंवतापाचे जंतु नीट फोफावत नाहींत, आणि इतर मुलें तापानें दगावत असतां वाहक मुलें अधिक संख्येनें वांचतात. म्हणजे ज्याला आपण दोष म्हणतों तें एके काळचें कवच आहे. त्या कवचाची किंमत दोन्ही प्रती 'एस' मिळालेलीं मुलें मोजतात. आफ्रिका, भूमध्यसमुद्राचा किनारा, अरबस्तान आणि आपला देश अशा सर्व हिंवतापी मुलुखांत तें आढळतें. आपल्याकडे १९५२ सालीं नीलगिरींतील आदिवासींत त्याची प्रथम नोंद झाली. पुढें ओरिसा, छत्तीसगड, मध्यप्रदेश, गुजरात आणि महाराष्ट्र येथें त्याचा मोठा पसारा दिसून आला. आपल्या राज्यांत नंदुरबारचे भिल्ल व पावरा, गडचिरोली-चंद्रपूरकडील गोंड व माडिया, आणि विदर्भांतील आदिवासी नसलेले अनेक समाज, ह्या सर्वांत तो आहे. असल्या बालकांचे सर्वांत अधिक जन्म नायजेरिया, कांगो व भारत ह्या देशांत होतात. ज्यांच्या पूर्वजांनीं रानांत राहून हिंवतापाशीं झुंज दिली त्यांच्या रक्तास आपण शहरांत बसून दूषित म्हणावें, हें मला शोभत नाहींसें वाटतें.

रोगी बालकाच्या संगोपनाविषयीं आतां लिहितों, कारण हें मासिक विदर्भांतही वाचलें जातें. जन्मल्यानंतर पहिले चारसहा महिने मूल बहुधा धडधाकट दिसतें. ह्याचें कारण गर्भांत असतांना मुलाच्या रक्तांत निराळ्या जातीचें हिमोग्लोबिन असतें आणि तें पेशीस विळा होऊं देत नाहीं. जॅनेट वॉटसन ह्या न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञ बाईंच्या हें १९४८ सालींच ध्यानांत आलें होतें. तें ओसरूं लागलें कीं रोग डोकावतो. हातापायांच्या पंजांवर सूज येते, मूल हात लावूं देत नाहीं. पुढें वेदनांचे झटके सुरू होतात. थंडी, उपवास, उन्हांतील श्रम, अंगांतलें पाणी कमी होणें, ताप, ह्यांपैकीं कशानेंही झटका येतो. हिंवाळ्यांत नदीवरच्या थंडगार स्नानाचा आग्रह असल्या मुलास करूं नये. भरपूर पाणी, उबदार पांघरूण आणि डॉक्टरांनीं दिलेलें वेदनाशामक ह्यांची योजना करावी. आणि मूल ढोंग करतें असें मुळींच म्हणूं नये.

ह्या मुलांची प्लीहा, जिला आपण पाणथरी म्हणतों, लवकरच निकामी होते. त्यामुळें जंतूंशीं लढण्याचें बळ कमी पडतें. म्हणून १०१ अंशांचा ताप चढला तर घरगुती काढे देत बसूं नये. त्याच वेळीं रुग्णालय गांठावें. बालपणीं रोज पेनिसिलिन दिल्यास जीवघेणा जंतुसंसर्ग किती टळतो हें अमेरिकेंतील एका प्रयोगानें १९८६ सालीं इतक्या स्पष्टपणें दाखविलें कीं, तो प्रयोग मुदतीपूर्वीच थांबवून सर्व मुलांना तें औषध द्यावें लागलें. न्यूमोनियाची लसही अवश्य टोंचून घ्यावी. कधीं कधीं पाणथरींत एकाएकीं रक्त साठून ती फुगते व मूल कांहीं तासांत दगावूं शकतें. जमेकांत डॉ. ग्रॅहम सार्जंट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७३ पासून नवजात बालकें तपासून हीं मुलें लहानपणापासून संभाळलीं, आणि आयांना बोटांनीं चांचपून पाणथरी कशी ओळखावी तें शिकविलें. डाव्या फांसळ्यांखालीं ती रोजच्यापेक्षां मोठी लागली, मूल पांढरें फटक पडलें, कीं आईनें त्याला उचलून दवाखान्यांत आणावयाचें. एवढ्यानें त्या कारणाचे मृत्यु पुष्कळच खालीं आले. ज्या आयांना हें शिकविलें त्यांतल्या बहुतेक साध्या कष्टकरी बाया होत्या. आपल्याकडच्या आयांना तें शिकविणें कां अवघड वाटावें?

पांढरें पडलेलें मूल पाहून लोहभस्म किंवा लोहाचें टॉनिक आपल्या मनानें सुरू करण्याची सुशिक्षित घरांतही फार हौस असते. ह्या रोगांतील पांडुता लोहाच्या अभावानें आलेली नसते. फुटलेल्या पेशींतलें लोह शरीरांतच राहतें, आणि ज्यास वारंवार रक्त चढवावें लागतें त्याच्या यकृतांत तर तें सांचत जातें. लोह कमी आहे असें तपासणींत निघालें तरच तें द्यावें. फॉलिक आम्लाच्या गोळ्या मात्र डॉक्टर बहुधा देतात. पुढें वय वाढतां कोणास पित्ताशयांत खडे, कोणाच्या खुब्याच्या हाडाची झीज, कोणाच्या पायावर न भरणारी जखम, आणि क्वचित् लहान मुलासही पक्षाघात, असे उपद्रव संभवतात. गरोदर स्त्रीची देखरेख तर मोठ्या रुग्णालयांतच व्हावी.

निराश होण्याचें मात्र कारण नाहीं. हायड्रॉक्सियुरिया नांवाचें औषध गर्भावस्थेंतील तेंच हिमोग्लोबिन पुन्हां वाढवितें. १९९५ सालच्या प्रयोगांत त्यानें वेदनांचे झटके जवळजवळ निम्म्यावर आणले. रक्ताच्या तपासण्या करीत करीत तें घ्यावयाचें असतें, पण तें सामान्य माणसाच्या आवांक्यांतलें आहे. भावंडाचा मगज जुळला तर अस्थिमज्जा-रोपणानें रोग समूळ जाऊं शकतो. आणि २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिका ह्या देशांनीं एका नव्या उपचारास मान्यता दिली. त्यांत रोग्याच्याच मगजांतील पेशी बाहेर काढून त्यांच्या आराखड्यांत दुरुस्ती करतात, म्हणजे गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिन पुन्हां सुरू होतें. अमेरिकेंत त्याची किंमत २२ लक्ष डॉलर ठेवण्यांत आली. वॉटसनबाईंनीं जें नवजात बालकांत पाहिलें होतें त्याचीच ही पाऊणशें वर्षांनंतरची फलश्रुति होय. ती गडचिरोलीच्या झोंपडींत केव्हां पोंचेल, हा प्रश्न निराळा. आपल्या सरकारनें १ जुलै २०२३ रोजीं मध्यप्रदेशांतील शहडोल येथून राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटि लोकांची तपासणी करण्याचा आणि २०४७ पर्यंत ह्या रोगाचें निर्मूलन करण्याचा संकल्प सोडला आहे. २०१६ च्या दिव्यांग-हक्क कायद्यांतही ह्या रोगाची गणना केलेली आहे.

शाळेविषयीं दोन शब्द लिहून पुरें करतों. आमच्या शाळेंत एक मुलगा होता. गणितांत पहिला, पण पौष-माघांत महिना महिना गैरहजर. वर्गांत असला म्हणजे एका तासांत दोनदां तरी "सर, जाऊं का?" म्हणून उभा राही, आणि कांहीं शिक्षक त्याला चुकार समजून बसवून ठेवीत. पुढें तपासणीचें पथक आलें तेव्हां त्याचा रोग कळला. ह्या रोगांत मूत्रपिंडास लघवी दाट करतां येत नाहीं. म्हणून तहान फार लागते आणि बाहेरही वारंवार जावें लागतें. त्याच्या वडिलांना मीं मुख्याध्यापकांच्या नांवें एक अर्ज लिहून दिला होता. त्यांतलीं कलमें आजही कोणास उपयोगी पडतील: पाण्याची बाटली बांकावर ठेवूं द्यावी, मागेल तेव्हां बाहेर सोडावें, भर उन्हांतील कवायत व शर्यती माफ असाव्या, पण खेळाच्या मैदानांतून त्यास हांकलूं नये, थंडींत अंगांतला स्वेटर गणवेषाचा नाहीं म्हणून काढावयास लावूं नये, बुडालेल्या दिवसांचा अभ्यास शेजारच्या मुलाच्या वहींतून उतरवून घेऊं द्यावा, आणि अंग गरम लागल्यास शाळा सुटण्याची वाट न पाहतां घरीं निरोप पाठवावा.